धुण्याच्या दगडाची देवी

माझ्या सासूबाई ज्या दगडावर गोधड्या आपटायच्या, त्या दगडाला आता रोज सकाळी दुधाने आंघोळ घालतात. मंगळवारी आणि शुक्रवारी दर्शनाला रांग लागते. रांगेतल्या निम्म्या बायकांनी तरी त्याच दगडावर कधी ना कधी नवऱ्याचे बनियन धुतले असतील. पण कुणी तसं बोलत नाही. मी बोलते, म्हणून माझ्याशी फार कुणी बोलत नाही.

आमचं शेत पांडवलेण्यांच्या डोंगराखाली, हमरस्त्यापासून थोडं आत. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब आणि कडेने मेथी-कोथिंबीर. पहाटे माल भरून पंचवटीत न्यायचा आणि ऊन चढायच्या आत परत यायचं, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून चालू आहे. विहिरीजवळ चिंचेखाली काही कोरलेले दगड उभे होते, कुणी गुडघ्याएवढा, कुणी कमरेएवढा. एकावर घोडेस्वार, एकावर ढाल-तलवार घेतलेला माणूस, एकावर गाईंची रांग आणि त्यांच्या पायाशी पडलेला कुणीतरी. गाव त्यांना ‘वीर’ म्हणायचं. कुणाच्या घरी लग्न निघालं की नवरदेव तिथे नारळ फोडून जायचा, मग पुढच्या लग्नापर्यंत शेळ्या त्यांना अंग घासायच्या. विहिरीच्या काठाला, जमिनीत अर्धा रुतलेला, आडवा सपाट दगड होता. तो धुण्याचा. त्याला कुणी काहीच म्हणायचं नाही.

माझ्या नवऱ्याला त्या वीरांचं भारी कौतुक. गावाच्या गाई पळवायला कुणी आलं, त्यांना अडवताना जो मेला त्याच्या नावाने गावाने दगड उभा केला, असं त्याला त्याच्या आजोबांनी सांगितलेलं. लेणी राजेरजवाड्यांनी खोदवली, हे दगड मात्र आपल्यासारख्यांचे आहेत, असं तो म्हणायचा. रविवारी लेण्यांखाली गाड्या लावायला जागा उरली नाही की लोक आमच्या बांधाला गाड्या लावत. वरून घामाघूम होऊन उतरले की पाणी मागत आणि विचारत, इथे अजून काही बघण्यासारखं आहे का. नवरा हातातलं खुरपं टाकून त्यांना चिंचेखाली न्यायचा. ती माणसं दगडांकडे बघायची, मग दगडांच्या मागे बघायची, खरी वस्तू तिकडे असेल म्हणून. ‘हे एवढंच?’ असं कुणी तोंडावर विचारायचं, कुणी नुसतं मोबाईलमध्ये वेळ बघायचं. एका बाईंनी घोडेस्वाराच्या डोक्यावर पर्स ठेवली आणि चपलेतला खडा काढला. लेण्यांबद्दल तरी या लोकांना फार आदर होता असं नाही. तिथल्या खांबांवर बदाम कोरून आलेली माणसं ती. पण तिकीट काढलं होतं, म्हणून तिथे मान वर करून बघणं भाग होतं.

शहरातले एक गृहस्थ होते, इतिहासाचे जाणकार म्हणून पेपरात ज्यांचा अधूनमधून फोटो यायचा. थंडीत ते पंचवीस-तीस लोकांचा घोळका घेऊन लेण्यांवर यायचे. डोक्यावर खाकी टोपी, गळ्यात दुर्बीण. लेण्यांत दुर्बिणीने काय बघतात, ते मला आजतागायत कळलेलं नाही. आमच्या धुण्याच्या दगडावर बसून ते बुटाच्या नाड्या बांधायचे. नवऱ्याने एकदा त्यांना फार आर्जवाने सांगितलं की सर, आमचे वीरही बघून जा, लोकांना सांगा दोन शब्द. सरांनी बसल्या जागेवरून चिंचेकडे नजर टाकली.

“वीरगळ ना? ते गावोगावी पडलेत हो. त्यात विशेष काही नाही.”

नवऱ्याने मान डोलावली आणि घोळक्याला पाण्याची कळशी आणून दिली. मला तेव्हाच त्या टोपीचा राग आला होता.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत नवरा गेला. ऑक्सिजन मिळेपर्यंत गेलाच. लोक आमच्या घराजवळ यायला घाबरत होते, पण माझ्या बांगड्या फोडायला चुलतसासू वेळेवर आल्या. तोंडाला पदर बांधून त्यांनी मला विहिरीवर नेलं, माझे दोन्ही हात धुण्याच्या दगडावर ठेवायला लावले आणि दुसऱ्या दगडाने बांगड्या फोडल्या. काच मनगटात घुसली. त्या म्हणाल्या, होतं असं. त्यानंतर हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं, बारशाला मागच्या रांगेत बसायचं आलं, कुणी कामाला निघालं की मी आडवी येऊ नये अशी अपेक्षा आली. एका गोष्टीला मात्र कुणाचा आक्षेप नव्हता. मी खुडलेला, मी ओवलेला झेंडू गावातल्या सगळ्या देवांना चालत होता.

त्यानंतर काही वर्षांनी सिंहस्थाची कामं निघाली आणि आमच्या बांधावरून रस्ता रुंद करायचं ठरलं. चिंच गेली. विहीर वाचली, पण तिच्या काठचं सगळं काढायला सांगितलं. ते काम माझ्या दिराने अंगावर घेतलं. दीर माझा पुढाऱ्यांच्या मागे फिरता फिरता स्वतःच पुढारी होण्याच्या बेतात असलेला माणूस. फ्लेक्सवर त्याचा फोटो अजून खालच्या कोपऱ्यात असतो, पण दर निवडणुकीला थोडा वर सरकतो. जेसीबी आला. वीर उपटून बाजूला टाकले. धुण्याच्या दगडाखाली दात घातले, दगड उचलला आणि तो उलटा पडला.

खालच्या अंगाला चिखल होता. मीच बादलीने पाणी मारलं, कारण दगड वाया जाऊ नये, दुसरीकडे धुवायला ठेवता येईल, एवढाच माझा विचार. पाण्याखालून आधी चंद्र-सूर्य निघाले. मग कोपरात वाकवून वर उभा केलेला बाईचा हात, पंजा उघडा, मनगटापासून कोपरापर्यंत ठसठशीत बांगड्या. धुण्याचे इतके पिळे वरून आपटले गेले, पण तो हात खाली जमिनीत तोंड करून जसाच्या तसा राहिला होता. मी माझ्या मनगटाकडे बघितलं आणि बादली खाली ठेवली. जेसीबीवाल्याने पायातल्या चपला काढल्या.

संध्याकाळपर्यंत दगडावर हळदीकुंकू पडलं. रात्रीपर्यंत फोटो सगळ्या मोबाईलवर. दुसऱ्या दिवशी दीर ठरवून मोकळा झाला होता की ही देवी आहे, रस्त्यासाठी गावाने जागा दिली म्हणून प्रकट झाली आहे, आणि तिचं मंदिर व्हायला हवं. नावही तयार होतं, हातवाली आई. माझी मुलगी कॉलेजात शिकलेली. तिने काकाला सांगितलं की ही देवी नाही, सतीचा दगड आहे, आणि सतीचं मंदिर बांधायला कायद्याने बंदी आहे. दीर म्हणाला, आपण सती म्हणतोय कुठे, हातवाली आई म्हणतोय. कायद्यातून वाट काढण्याची त्याची हुशारी अशा ठिकाणी फार दिसते.

मंदिराला जागा हवी होती ती रस्त्याला लागून असलेल्या आमच्या कोपऱ्याची. ती माझ्या वाटणीत होती. दीर आला, चहा प्यायला, वहिनी वहिनी करत बसला. मी खरं म्हणजे नाही म्हणायला हवं होतं. पण दगड उन्हापावसात पडून राहण्यापेक्षा डोक्यावर छप्पर आलं तर बरं, असं वाटलं. वीर त्या चिखलात पडले होते, तेही डोळ्यासमोर होते. मी सांगितलं, जागा घ्या, पण सगळे दगड एकत्र उभे करायचे आणि कशालाही रंग फासायचा नाही. तो म्हणाला, वहिनी, तुमच्या शब्दाबाहेर आहे का मी.

रंग तिसऱ्याच आठवड्यात लागला. हाताला गुलाबी ऑइलपेंट, बांगड्यांना हिरवा, चंद्र-सूर्याला सोनेरी. नखंसुद्धा लाल करून घेतली होती. बाथरूमला लावतात तशा टाइल्स चारी बाजूंनी, वर एलईडीची माळ. मी विचारलं तर दीर म्हणाला, लोकांचा आग्रह. वीरांचं विचारलं तर इकडेतिकडे बघायला लागला. त्यातले तीन पायाभरणीत गेले होते. घोडेस्वार फोडून टाकला होता. उरलेले दोन मंदिराच्या पुढच्या गटारीवर आडवे टाकले होते, एक पालथा, एक उताणा, भाविकांना पाय ठेवायला.

प्रतिष्ठापनेच्या आदल्या संध्याकाळी जाऊ आली. ती माझ्याहून बरीच लहान, विंचूरकडची, साधी. तिला पाठवलं होतं हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. दारात उभं राहूनच म्हणाली, “ताई, उद्या जेवणाचं तुम्ही बघा ना. स्वयंपाकाकडं कुणीतरी घरचं पाहिजे.” मी विचारलं, ओटी कोण भरणार. ती खाली बघत म्हणाली, गावातल्या सवाष्णी. मी बरं म्हटलं. तिला सुटल्यासारखं झालं असावं, कारण जाताना तिने माझ्या शेवंतीचं फार कौतुक केलं.

मी स्वयंपाकाकडे थांबणारच होते. पण जमीन दिलेल्यांचा सत्कार कार्यक्रमपत्रिकेत होता, आणि दिराला पाहुण्यांसमोर सत्कार हवा होता. त्यामुळे मला व्यासपीठावर खुर्ची मिळाली आणि दगडापाशी जायची बंदी राहिली. खुर्चीवरून मला सगळं नीट दिसत होतं. सवाष्णींची रांग, खणानारळाची ताटं, माझ्या शेतातले हार. आणि प्रमुख पाहुणे म्हणून टोपीवाले सर. आज टोपी नव्हती, फेटा होता.

सर उत्तम बोलले. लेण्यांपेक्षा तसूभरही कमी नसलेला हा ठेवा इतकी शतकं आपल्या पायाशी दुर्लक्षित पडून होता, याची त्यांनी खंत व्यक्त केली. समाजाला दृष्टी नाही, म्हणाले. मला नवऱ्याची फार आठवण आली आणि तो इथे नाही याचं पहिल्यांदाच बरं वाटलं. तो बिचारा टाळ्या वाजवत बसला असता. मग सरांना चेव आला. दिराने देवी म्हणायला सांगितलं होतं, पण विद्वत्ता आवरली नाही. पतीच्या मृत्यूनंतर क्षणाचाही विचार न करता अग्नीत प्रवेश करणाऱ्या तेजस्विनीचा हा हात, म्हणाले. बांगडी अभंग आहे, कारण तिचं सौभाग्य अभंग आहे. दीर घसा खाकरत राहिला. सर थांबले नाहीत.

मग माझं नाव पुकारलं. सर शाल घेऊन पुढे आले. माईक त्यांच्या हातातच होता.

“सर, एक विचारू?”

त्यांना आनंद झाला. “विचारा ना ताई.”

“ही बाई जळाली तेव्हा तिचा नवरा आधी मेला होता ना?”

“अर्थातच.”

“म्हणजे माझ्यासारखीच. मग तिला कुंकू कसं चालतं?”

सर हसले, लहान मुलाला समजावावं तसे. “ती त्याच्यामागे गेली ना, ताई. म्हणून परंपरेने तिला अखंड सौभाग्यवती मानलं.”

“आणि मी मागे राहून शेती केली, मुलगी शिकवली, तुम्हाला ही जागा दिली. म्हणून मला तिच्या ओटीला हात लावायचा नाही.”

माईक जवळ होता, त्यामुळे हे मांडवाच्या टोकापर्यंत गेलं. ताटं घेतलेल्या बायका थांबल्या. सर म्हणाले, त्या काळाच्या चष्म्यातून बघावं लागतं. मी म्हटलं, या काळात माझ्या बांगड्या याच दगडावर फोडल्या. तुम्ही नाड्या बांधायला बसायचात ना, त्याच.

सरांना दगड ओळखू आला होता की नव्हता, माहीत नाही. ते दिराकडे बघायला लागले.

“ती क्षणाचाही विचार न करता गेली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?” मी विचारलं. “तिला धरून नेलं असेल तर?”

“हा शेवटी श्रद्धेचा विषय आहे,” सर म्हणाले. पंधरा मिनिटं तो इतिहासाचा विषय होता. अडचण आल्याबरोबर श्रद्धेचा झाला.

मी शाल खुर्चीवर ठेवली आणि पायऱ्या उतरून घरी आले. कुणी अडवलं नाही, कुणी मागे आलं नाही. चुलतसासू रांगेत पुढे होत्या, त्यांनी ताट वर उचलून तोंड झाकलं. ओट्या भरल्या गेल्या. शिरा सगळा संपला म्हणे, पुन्हा करावा लागला. लोकांचा विवेक कितीही हलला तरी पंगतीवर परिणाम होत नाही.

त्यानंतर दिराने बोलणं टाकलं. भाऊ गेल्यापासून वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असं त्याने गावात पसरवलं. सर पुन्हा या बाजूला फिरकले नाहीत, पण त्यांनी पेपरात लेख लिहिला. त्यात दगडाचा शोध एका अभ्यासदौऱ्यात लागला असं होतं. जेसीबीचा उल्लेख नव्हता, सासूबाईंच्या गोधड्यांचा तर नव्हताच. मी काही दिवस संतापाने धुमसत होते. मग ट्रॅक्टरवाल्याला घेऊन भर दुपारी मंदिरापुढे गेले आणि गटारीवरचे दोन वीर उचलून आणले. दर्शनाला आलेला एकजण म्हणाला, मावशी, मग आम्ही गटार ओलांडायचं कसं. मी म्हटलं, उडी मारा. ते दोन दगड मी आणि मुलीने घासून धुतले आणि शेवंतीच्या वाफ्याच्या टोकाला उभे केले. एकावर गाई आहेत. दुसऱ्यावरचं भाविकांच्या चपलांनी पुसून गेलं आहे.

एके दिवशी दुपारी जाऊ आली. कढीपत्ता हवा, म्हणाली. कढीपत्ता तिच्या दारातही आहे. मी तोडून दिला. ती गेली नाही, पडवीत बसली. बराच वेळ डहाळीची पानं ओरबाडत राहिली.

“ताई, तुम्ही त्या दिवशी बोलल्या ते खरं हे का? जाळायचे?”

“जाळायचे.”

“जित्या?”

“हो.”

तिने डहाळी खाली ठेवली. मग म्हणाली, “मी तिला मागणं मागितलं ना. ह्यांना आयुष्य दे म्हणून. पहिल्या दिवसापासून मागते.”

“तिच्या नवऱ्याला नाही मिळालं, ती तुला कुठून देणार?”

मला वाटलं चिडेल. तिला हसू आलं. तोंडावर पदर घेऊन हसली आणि हसता हसता रडायला लागली. म्हणाली, आता ओटी भरायला गेलं की तो हात नको नको म्हणल्यासारखा दिसतो. मी म्हटलं, मग जाऊ नकोस. ती म्हणाली, “नाय गेलं तर घरात लय बोलतात.” कढीपत्ता घेऊन ती उठली. त्यानंतर ती अधूनमधून येत राहिली, काहीतरी निमित्त काढून. आम्ही त्या दगडाबद्दल पुन्हा बोललो नाही. पालकाच्या जुड्या बांधत बसायचो.

पुढच्या हंगामात मुलीचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी मांडवात सगळी भावकी जमली, न बोलणारेही. लग्नाला यावंच लागतं, नाही तर लोक काय म्हणतील, ही भीती आमच्याकडे भांडणापेक्षा मोठी आहे. मुलीने आधीच सांगून ठेवलं होतं की पहिली हळद आई लावणार. चुलतसासूंनी ते ऐकलं नसल्यासारखं केलं, हळदीची वाटी हातात घेतली आणि पाच सवाष्णी निवडायला लागल्या. मी उठले नाही. काय करावं ते मला खरंच सुचत नव्हतं. व्यासपीठावर सरांशी बोलणं सोपं होतं, परक्या माणसाला काहीही विचारता येतं. इथे माझी मुलगी पाटावर बसली होती आणि नव्या सोयऱ्यांच्या बायका बघत होत्या.

जाऊ पुढे आली. तिने चुलतसासूंच्या हातून वाटी काढून घेतली, अगदी सहज, भाजीची वाटी घ्यावी तशी, आणि माझ्यासमोर धरली. “लावा ताई. पोरगी कधीची बसलीय.” चुलतसासू काहीतरी बोलल्या. जावेने मागे वळूनही बघितलं नाही. मी हळद लावली. मुलीच्या गालावर जरा जास्तच लागली, ती म्हणाली, आई, डोळ्यात जाईल.

दीर लांब उभा होता. नव्या सोयऱ्यांपैकी कुणीतरी मोठा माणूस त्याच्याजवळ जाऊन म्हणाला की फार चांगलं केलंत तुम्ही, समाजात असं व्हायला पाहिजे. हे ऐकल्याबरोबर दीर पुढे आला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि फोटो काढायला लावला. रात्री मुलीने मला मोबाईल दाखवला. फोटोत दीर मधोमध, मी अर्धी कापलेली. खाली लिहिलं होतं, ‘जुन्या रूढींना मूठमाती, पुरोगामी विचारांचं आमचं कुटुंब.’ सरांनीही त्याखाली अभिनंदन लिहून हात जोडले होते. मुलगी म्हणाली, काकाला काढून टाकायला सांगू का. मी म्हटलं, राहू दे. त्याची चार मतं वाढतील, आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या मांडवात त्याला उलटं बोलणं जड जाईल. मग मी आत गेले. पाहुण्यांची दुसरी पंगत बसली होती आणि वरण गार होत होतं.